चाळीस चमच्यांचा लीडर

७ एप्रिल, सोमवार. सकाळी ६.१०
आजपासून रोजनिशी. ही कुणाला दाखवायची नाही. तरी अक्षर नीट ठेवतो, पुढेमागे सांगता येत नाही.

परिस्थिती अशी: ऑक्युपेशनल थेरपीचं शेवटचं वर्ष. विषय, लीडरशिप आणि उद्योजकता. चार आठवडे खेड्यात राहायचं, आजारपणात ज्याचं काम सुटलं अशा एका माणसाला ते परत करता येईल असं बघायचं, आणि त्यातून एखादा छोटा धंदा उभा करून दाखवायचा. शेवटी हा विषय शिकवणाऱ्या रंजीता मॅडम येऊन गावाला एकच प्रश्न विचारणार: इथे पुढारपण कुणी केलं? त्यावर मार्क.

मला गडचिरोली जिल्ह्यातलं ढिवरांचं, म्हणजे मासेमारांचं, गाव मिळालं. सोबत वर्गातली दिव्यानी. ती सिंदेवाहीकडची, मी चंद्रपूर शहरातला. लीडर कोण यावर चर्चा झाली नाही. गरजच नव्हती.

८ एप्रिल
पेशंट: लटारूभाऊ, वय साठ. दोन वर्षांपूर्वी लकवा. उजव्या हाताची बोटं नीट मिटत नाहीत. मी विचारलं, तुमचं ध्येय काय? ते म्हणाले, माहा पट्टा विणाचा हाये जी.

पट्टा म्हणजे काय ते त्यांच्या बायकोने, रुखमाबाईंनी सांगितलं. मे महिन्यात मामा तलावाचं, म्हणजे गावच्या जुन्या मालगुजारी तलावाचं, पाणी उतरलं की गावाचं मोठं जाळं पडतं. ते एकट्याचं नसतं. प्रत्येक घर आपला पट्टा विणून आणतं, मग सगळे पट्टे जोडतात. ज्याचा पट्टा तोच दोरी ओढतो आणि वाटणीच्या वेळी त्याच्याच घराचं नाव पुकारतात. बाकीच्यांना मासे मिळतात, पण न पुकारता. दोन वर्षं लटारूभाऊंचं नाव पुकारलेलं नाही. यंदा जाळं चार मेला.

मी नोंद केली: ध्येय फार छोटं. स्केल होणार नाही.

९ एप्रिल
सकाळी सातला गावसभा ठेवली. विषय, माझं व्हिजन. कुणी आलं नाही. सगळे मोहफुलं वेचायला पहाटेच जंगलात गेलेले. दिव्यानीला हे माहीत होतं. काऊन नाही सांगितलं विचारलं तर म्हणाली, तू विचारलंच नाहीस.

घरी फक्त लटारूभाऊ होते. सगळं भाषण त्यांना दिलं. ऐकता ऐकता त्यांनी डोळे मिटून घेतले. प्रभाव पडला.

निश्चय: उद्या चारला उठून लोकांसोबत मोह वेचणार. लीडर लोकांत मिसळतो.

१० एप्रिल. ९.४०
आत्ता उठलो. दिव्यानी मोह वेचून परतसुद्धा आली. मिसळण्याचं काम तिला दिलं आहे. याला डेलिगेशन म्हणतात.

१४ एप्रिल
आयडिया. आंघोळ करताना सुचली. जाड मुठीचा चमचा. ज्याची बोटं मिटत नाहीत त्यालाही धरता येईल. नाव: स्वाभिमान. नागपूरला मित्र अजयकडे थ्रीडी प्रिंटर आहे. चाळीस नगांची ऑर्डर दिली, निळ्या रंगात.

दिव्यानी म्हणाली, पण इथे लोक भात हाताने खातात, चमचा वापरतात का ते विचारलंस काय? मी शांतपणे सांगितलं की ग्राहकाला काय हवं ते ग्राहकाला माहीत नसतं. ती लटारूभाऊंच्या मांडवाकडे निघून गेली. हातात सायकलची फाटकी ट्यूब होती. अजून ट्यूब आणि सुतळीतच अडकली आहे बिचारी.

१७ एप्रिल
ऊन ४४. पंखा बंद. व्हिजनवर परिणाम होत नाही, पण घाम कागदावर पडतो.

२१ एप्रिल
चमचे आले. सुंदर. उद्घाटन लटारूभाऊंकडे. त्यांनी चमचा उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, जेवाचं रुखमा पायते जी. मले सुई धरता आली पायजे. चमच काहाले?

सुई म्हणजे जाळं विणायची बांबूची चपटी सुई. दिव्यानीने तिला ट्यूब गुंडाळून चांगली जाड मूठ केली आहे. जाळ्याचं टोक मांडवाच्या खांबाला छातीइतक्या उंचीवर बांधलं आहे. उजव्या हाताने सुई नुसती धरायची, गाठ डाव्याने मारायची. आज त्यांनी जाळ्याची नऊ घरं विणली. एक एक घर बोटाएवढं. मी घड्याळ लावून हिशेब केला. या वेगाने पट्टा दिवाळीला होईल. त्यांना प्रामाणिकपणे सांगितलं. लीडरने वास्तव सांगावं. रुखमाबाईंनी मला चहा विचारला नाही.

२५ एप्रिल
चमच्यांचा सर्व्हे. घरोघर स्वतः फिरलो. एक मिठाच्या डब्यात. एक तंबाखूच्या चुन्यात. दोघांनी मुठीत छिद्र पाडून जाळं तरंगावं म्हणून त्याला बांधले, ते बुडले. कोलूबाईंनी दाराला अडसर म्हणून लावला आहे. जेवायला: शून्य. पण एका वस्तूचे चार उपयोग निघणं, हे मोठ्या कंपन्यांनाही जमत नाही.

निश्चय: लीडर आधी ऐकतो असं वाचलं. उद्यापासून ऐकणार.

२६ एप्रिल
ऐकलं. दहा मिनिटं. मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष खुशालभाऊ बोलत होते. म्हणाले, लटारूभाऊ आता दिवसाला दीड हात पट्टा विणून राह्यले. तेवढ्यात मला एक मुद्दा सुचला, मग मीच बोललो.

३० एप्रिल
मांडवात गर्दी. बोटं आखडलेले आणखी तीन म्हातारे येऊन बसतात. लटारूभाऊ त्यांच्या सुयांना ट्यूब गुंडाळून देतात, चिडतात, परत शिकवतात. शेजारच्या गावातूनही पैसे देऊन दोन सुयांची मागणी आली. दिव्यानी आता बाजूला बसून मोहाचे लाडू खाते. काहीच करत नाही. तिच्या पुढारपणाच्या मार्कांची मला काळजी वाटते.

पट्टा अजून चार हात बाकी. लटारूभाऊ दुपारीही उठत नाहीत. रुखमाबाई दोन वेळा रागावल्या. मला, का कोण जाणे, रात्रभर तो पट्टाच दिसत होता.

३ मे
पट्टा झाला. शेवटची गाठ मारून लटारूभाऊ उजव्या हाताकडे पाहत बसले. मला भरून आलं. उन्हामुळे असावं.

उद्याची तयारी: मॅडम येणार. दोरी ओढताना सगळ्यात पुढे मी. लीड फ्रॉम द फ्रंट. पांढरा शर्ट काढून ठेवला.

४ मे, रविवार. दुपार. (दिव्यानीकडून लिहून घेतो आहे. शब्द माझे.)
खुशालभाऊ म्हणाले, सायेब, तुमी काठावर राहा, पाय घसरते. मी ऐकलं नाही. लटारूभाऊंच्या पुढे जाऊन दोरी धरली आणि मोठ्याने म्हणालो, वन, टू, थ्री. यांची ओढण्याची हाळी वेगळी असते. ती टूलाच झाली. मी थ्रीची वाट बघत दोरी घट्ट धरून उभा. सगळा गाव एकदम मागे गेला आणि दोरी माझ्या दोन्ही तळव्यांतून. नंतर मी पाण्यात. लटारूभाऊंनी डाव्या हाताने माझी कॉलर धरून उभं केलं, बाजूला सारलं, आणि माझ्या जागी दोरी धरली.

मासे भरपूर. रोहू, कतला. वाटणीत सगळ्यात आधी पुकारलं गेलं: लटारूभाऊचं घर. रुखमाबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

मग मॅडमनी तो प्रश्न विचारला. मी गळा साफ केला. खुशालभाऊ म्हणाले, पुढारपण? लटारूभाऊनं केलं ना जी. सुयांचा धंदाबी त्यायचाच. मॅडमनी त्यांना कुणी शिकवलं ते विचारलं. लटारूभाऊंनी दिव्यानीकडे बोट केलं. चांगलं सरळ झालं होतं बोट. आणि याचं काय, असं मॅडमनी माझ्याबद्दल विचारल्यावर रुखमाबाई जरा विचार करून म्हणाल्या, पोरगा वाईट नाई. बोलते लय.

(हे शेवटचं वाक्य त्याने वगळायला सांगितलं होतं. दिव्यानी.)

५ मे. सकाळी ११. (स्वतः. डाव्या हाताच्या दोन बोटांत पेन.)
अक्षराकडे बघू नये.

दोन्ही तळव्यांना फोड. बोटं मिटत नाहीत. काल संध्याकाळी रुखमाबाईंनी जेवायला बोलावलं. ताटात भात आणि रोहूचा रस्सा. मी नुसता बघत बसलो. मग त्या आत गेल्या, मिठाच्या डब्यातून काहीतरी काढून, धुऊन, माझ्या बोटांत अडकवलं. निळं.

पहिला घास खारट लागला. दुसरा मांडीवर पडला. लटारूभाऊ जेवण थांबवून माझ्या हाताकडे बघत होते. म्हणाले, जमून राह्यलं का सायेब? घाई नोको करू.

मी हो म्हणालो. मूठ खरंच छान आहे. चाळीसपैकी जेवायला: एक.