आत्ती विट्याला, तपासणी दारात

ति. दाजींना,

धाकट्या मेव्हण्याचा, म्हणजे लालासाहेबाचा, वाकून नमस्कार. (गुडघ्यामुळे हल्ली पुरतं वाकता येत नाही, जेवढं राहिलं तेवढं तुम्ही मनाने धरून घ्या.) तुमची साखर कशी आहे? अंजनाताई सांगत होती की तुम्ही तिच्यासमोर तोंड वाकडं करून बिनसाखरेचा चहा पिता आणि मग पाय मोकळे करायला म्हणून पेठेत जाऊन पेढा खाता. उभं आयुष्य कोइमतूरला गलाईच्या दुकानात सोनं गाळण्यात आणि त्यातली भेसळ ओळखण्यात घालवलंत, पण ताईला तुमच्या तोंडाचा वास ओळखता येतो हे तुमच्या लक्षात आलेलं दिसत नाही. सांभाळून राहा.

इकडे सर्व ठीक आहे. ऊस तुटून गेला, म्हैस व्यायली, रेडकू झालं. आत्ती तुमच्याकडे येऊन राहिली आहे, तिची मी मुद्दामच चौकशी करत नाही. रुसून गेलेल्या माणसाची चौकशी केली की त्याला आपलंच बरोबर होतं असं वाटायला लागतं. (तरी तिची रक्तदाबाची गोळी न्याहारीनंतर असते, उपाशीपोटी नव्हे, एवढं ताईच्या कानावर घाला. मी सांगितलं असं सांगू नका.) तुम्ही म्हणाल, घरात तीन तीन मोबाइल असताना याने पत्र का खरडलं? तर मी फोन केला की तुम्ही तो स्पीकरवर टाकता, आणि माझा ‘हॅलो’ ऐकला की आत्ती लाल बटण दाबते. आत्तीला मोबाइल वापरता येत नाही असं आपण सगळेच समजत होतो. लाल बटण तिला बरोबर सापडतं.

आता मुख्य हकिगत. आपल्या रणझुंजार युवा मंडळाच्या वरच्या मजल्यावर कबड्डीच्या मुली राहतात हे तुम्हाला ठाऊक आहे. खाली मॅट, वर पोरी, आणि त्यांच्याबरोबर जेवणखाणाला अन् झोपायला आत्ती. मॅट देणाऱ्या पुण्याच्या संस्थेचं यंदा पत्र आलं की तुमच्याकडे मुलं किती सुरक्षित आहेत हे पाहायला आमची बाहेरची व्यक्ती येईल, आणि तिचं समाधान झालं तरच मुलींची राहायची सोय पुढे चालू ठेवता येईल. पहिल्यांदा मला रागच आला. सुभेदार होऊन निवृत्त झालेला माणूस, सरहद्द सांभाळून आलेला, त्याला दहा-बारा पोरी सांभाळता येतात की नाही हे पुण्याहून येऊन बघणार? पण पाठोपाठ आटपाडीकडून बिराप्पाचा निरोप आला. त्याची पोरगी प्रांजल म्हणजे आपल्या संघातली सर्वांत चांगली चढाई करणारी, शिराळ्याच्या स्पर्धेत शेवटच्या चढाईला तिघींना बाद करून आलेली. बिराप्पा आजवर मेंढरांमागे फिरलेला माणूस, बोलतो कमी. त्याने कळवलं की तपासणीच्या दिवशी तोही येणार, आणि बाहेरच्या माणसाने नीट आहे म्हटलं तरच पोरगी इथे राहील, नाहीतर तो तिला घेऊन जाईल. घरी नेली की तिची कबड्डी सुटली, आणि नववीतली शाळाही सुटल्यातच जमा. मग माझा राग गेला आणि मी तयारीला लागलो.

संस्थेने नियमांचं पुस्तक पाठवलं होतं. मी ते फौजेतल्या हुकमासारखं वाचलं, म्हणजे समजून न घेता लगेच अंमलात आणलं. पहिलाच नियम असा की मुलांच्या सहवासातल्या प्रत्येक मोठ्या माणसाची पोलिसांकडून पडताळणी करून घ्यावी. मी म्हटलं, कायदा सर्वांना सारखा. माझा अर्ज दिला, प्रशिक्षकाचा दिला, पाणी सोडणाऱ्याचा दिला आणि त्याच गठ्ठ्यात आत्तीचाही दिला. आत्तीला सांगायचं राहिलं. (राहिलं म्हणजे, ती भाकरी करत होती आणि तव्यावर भाकरी असताना तिच्याशी बोलू नये हे आपल्या घरात लहानपणापासून शिकवलेलं आहे.)

पुढे जे झालं ते तुम्ही तिच्या तोंडून, तिखटमीठ लावून, ऐकलंच असणार. तरी माझी बाजू ऐका. बीटचा हवालदार माणूस भला, पण नवा. त्याने भर सकाळी आपल्या आळीत गाडी लावली, आणि आत्ती कट्ट्यावर घेवडा मोडत बसली असताना तिच्यासमोरच शेजारपाजारच्या सुनांना गोळा करून विचारलं, की हरणाबाई या इसमाविषयी आपलं मत काय, पूर्वी काही मारामारी वगैरे? सुना एकमेकींकडे बघायला लागल्या. त्यातल्या एकीला खरोखर आत्तीने पाण्याच्या नळावर झोडपलेलं आहे, पण ती शहाणी, गप्प राहिली. आत्तीने घेवडा खाली ठेवला. “सत्तर वर्सं या आळीत काडली, पोलीस कदी दारात आला न्हाई. भावाच्या पोरानं आणला!” एवढंच म्हणाली, पिशवी भरली आणि विट्याची एसटी धरली. मी स्टँडपर्यंत मोटारसायकल दामटली, पण ती बायकांच्या घोळक्यातून खिडकीशी जाऊन बसली होती आणि माझ्याकडे बघायला तयार नव्हती. बस सुटली.

मला वाटलं, चार दिवसांत राग उतरेल. तोवर बाकीची तयारी होती. मुलांना न घाबरता तक्रार करता आली पाहिजे, असा पुढचा नियम. हे तर आपल्याला पाठ. पलटणीत साहेब दरबार भरवतात, जवान समोर बसतात, ज्याची अडचण असेल तो उठून बोलतो. मीही दरबार भरवला. शिट्टी मारली, पोरींना रांगेत उभं केलं, सावधान केलं आणि खड्या आवाजात विचारलं, “कुणाची काय तक्रार?” एका सुरात उत्तर आलं, “न्हाई साहेब!” असा दरबार मी रोज सकाळी पळायला जायच्या आधी घेतला आणि रोज तेच खणखणीत उत्तर मिळालं. माझी छाती फुगली. पुण्यातसुद्धा इतकी बिनतक्रार मुलं सापडायची नाहीत, असं मी इंद्रजितला म्हणालो.

इंद्रजित म्हणजे आपल्या मंडळाचा सचिव. त्याचं मलकापुरात फ्लेक्स छापायचं दुकान आहे, त्यामुळे जगातला कुठलाही प्रसंग त्याला आडवा दहा फूट आणि उभा सहा फूट असाच दिसतो. तपासणीच्या मॅडमचं स्वागत म्हणून त्याने फाट्यावर फ्लेक्स लावला. वर मोठ्या अक्षरात ‘आमच्या मुली, सुरक्षित मुली’. खाली प्रत्येक मुलीचा फोटो, नाव, इयत्ता, गाव, आणि कुणाला काही विचारायचं असेल तर सोय व्हावी म्हणून घरचा मोबाइल नंबर. शिवाय, ‘मुक्काम मंडळाच्या इमारतीत, वरचा मजला, मागचा जिना’. (मागचा जिना हे मी सांगितलं होतं. पुढचा निसरडा आहे, पाहुणा पडू नये.) कडेला हात जोडलेला मी, गॉगल घातलेला इंद्रजित आणि शुभेच्छुक म्हणून निम्मं गाव. येणारे जाणारे ट्रकवाले थांबून वाचत होते. आम्हाला फार बरं वाटलं.

मॅडम आल्या. क्रांती मॅडम, वयाने माझ्या मुलीएवढ्या, पाठीला सॅक. आम्ही फेटा, शाल, नारळ आणि हलगीवाला घेऊन उभे. त्यांनी हसून हलगीवाल्याला नमस्कार केला, शाल घेतली नाही, आणि पहिलं वाक्य बोलल्या ते असं की फाट्यावरचा फ्लेक्स आत्ताच्या आत्ता उतरवा, बाकीचं मग बोलू. का ते त्यांनी शांतपणे समजावलं. दाजी, खरं सांगतो, जी माहिती पलटणीत असताना मी जीव गेला तरी शत्रूला दिली नसती, ती मी लाइट लावून हमरस्त्यावर टांगली होती. मी स्वतः शिडीवर चढलो आणि फ्लेक्स उतरवला. खाली इंद्रजित शिडी धरून होता आणि निदान त्याचा फोटो तरी कापून ठेवू का, असं विचारत होता.

मग मॅडमनी मुलींशी एकटीने बोलायचं म्हणून दार लावून घेतलं. माझ्याच मंडळाच्या दाराबाहेर मी उभा. जवळ बिराप्पा, खांद्यावर घोंगडं, तोंडात सुपारी. आत बराच वेळ काही ऐकू येईना, आणि मग एकदम पोरींच्या हसण्याचा असा गलका उठला की कावळे उडाले. मी म्हटलं, जिंकलो. थोड्या वेळाने मॅडम बाहेर आल्या. म्हणाल्या, कोण काय बोललं ते मी सांगणार नाही, पण काही त्रास झाला तर कुणाला सांगाल असं विचारल्यावर सगळ्यांनी एकच नाव घेतलं. मी मान खाली घालून लाजायच्या तयारीत होतो. त्या म्हणाल्या, “या हरणाआत्ती कुठे आहेत?”

मी म्हणालो, रजेवर आहेत. इंद्रजित त्याच वेळी म्हणाला, रुसून विट्याला गेल्यात. मॅडमनी सगळी हकिगत काढून घेतली. पडताळणी हवीच म्हणाल्या, आत्तींचीसुद्धा, पण आधी शेजारी बसून समजावून सांगायचं असतं. आणि माझं नाव एकीनेही का घेतलं नाही, असं मी विचारल्यावर त्यांनी मलाच उलट विचारलं, की तक्रार विचारताना तुम्ही शिट्टी वाजवता का? (हसण्याचं कारणही कळलं. आत्ती तुमच्या सुभेदारकाकांना घाबरतात का, असं त्यांनी पोरींना विचारलं होतं.) त्यांनी नापास केलेलं नाही. अक्षय तृतीयेनंतरच्या सोमवारी त्या परत येणार आहेत. तोवर मुलींजवळ राहणारं, मुलींच्या विश्वासाचं आणि मला न भिणारं एक माणूस मंडळात पाहिजे. अख्ख्या तालुक्यात असं दुसरं माणूस नाही हे तुम्हीही जाणता.

बिराप्पा सगळं ऐकत होता. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाला, “सुभेदार, म्या म्हातारीला बगून पोरगी ठेवली व्हती, तुमास्नी बगून न्हवं. सोमवारी येतो. म्हातारी असंल तर पोरगी ऱ्हाईल, न्हाईतर संगट नेतो.” दाजी, फौजेत माझी खूप वेळा कानउघाडणी झाली, पण इतक्या हळू आवाजात कुणी केली नव्हती. प्रांजल तिथेच उभी होती. ती मॅट झाडायला गेली. झाडलेलीच मॅट होती.

सध्या मुलींबरोबर रात्री राहायला आळीतल्या दोघीजणी पाळीपाळीने येतात आणि भाकरी मी करतो. बाकी मी मजेत आहे. ताईला नमस्कार, पेढ्यांना रामराम करा, आणि म्हाताऱ्या मेव्हण्यावर आहे तो जीव तसाच असू द्या.

तुमचा,
लालासाहेब

ता.क. हे पत्र आत्तीला मोठ्याने वाचून दाखवा. ती ऐकत नाही असं दाखवत भिंतीकडे तोंड करून बसेल, पण ऐकेल. नळावरच्या झोडपण्याचं तेवढं गाळा.

ता.क. आणखी एक. मी आत्तीची मनधरणी करतोय असा तिचा समज होऊ देऊ नका. बरं, होऊ द्या. चुकलं माझं. घर ओकंबोकं झालंय, सकाळी कुणी ओरडत नाही म्हणून मला जागच येत नाही. रविवारी जीप घेऊन येतो. हवालदारही येतो म्हणतोय माफी मागायला, पण गणवेश न घालता. आत्तीला शेजारी बसवून त्या पोलीस पडताळणीचं सगळं नीट सांगीन, तव्यावर भाकरी नसताना.

ता.क. आत्ती, मी प्रांजल. काकांनी पत्र पेटीत टाकायला दिलं आणि पाकीट चिकटवायचं विसरले, म्हणून लिहिते. मला काकांची एक तक्रार करायची आहे. मॅडम म्हणाल्या, करायची असते. तुम्ही नाही तर कुणाकडं करू? तशी बारकीच आहे, भाकरीची आहे, घाबरू नका. पण मोठी असती तर?