रानमांजरीची वार

बमरोली, सुरत
रविवार, दि. ९ फेब्रुवारी २०२५, सायंकाळी ५.४०

ती. हिलालमामांस कुंदनचा शि. सा. न. वि. वि.

आत्ता मी दारात बसून पँटला चिकटलेली कुसळं काढतो आहे. बावीस निघाली, अजून आहेत. ही सगळी तुमच्यामुळे. फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही, म्हणून लिहितो.

आमच्या लूमच्या शेठना तिजोरीत ठेवायला रानमांजरीची वार हवी आहे. पिल्लांबरोबर पडते ती. तिने लक्ष्मी टिकते म्हणे. तुम्ही दिवाळीत आलात, त्यांचा चहा प्यायलात आणि सांगून मोकळे झालात की माझा भाचा आणून देईल, शिकार आमच्या रक्तातच आहे. मला विचारलंत? मी आठवी शिकलेला माणूस, आठ मशीन सांभाळतो. मला तुटलेला धागा सापडतो, जनावर नाही.

शेठ रोज विचारतात. काल म्हणाले, आणलीस तर लूमवर मास्तर करतो, नाहीतर मार्चपासून माझी खोली रिकामी कर. आई म्हणते, माझा भाऊ बोलला म्हणजे होणारच. मग त्यालाच खाडीत उतरव म्हणालो, तर ती जेवली नाही.

खाडीकाठच्या पाणकणसाच्या उंच गवतात रानमांजर आहे असं सगळे सांगतात. आज तीन तास हिंडलो, बगळे दिसले. सुरुवात कुठून करायची, ठसा कसा ओळखायचा, हे नीट लिहा. न मारता वार मिळते का, तेही लिहा. रानमांजर मारणं गुन्हा आहे, तुरुंग होतो. मी चौकशी केली आहे.

मामीला नमस्कार. तुमच्यावर रागावलेला,
कुंदन


शिरपूर
दि. १४ फेब्रुवारी २०२५

चि. कुंदन यास मामाचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. अक्षर मोत्यासारखं आणि काळीज चिमणीचं! तू कसाले घाबरस रे?

पहाटे ओल्या चिखलात बघ. चार बोटं आणि पुढे नखांच्या चार टोकदार खुणा, ते रानमांजर. नखं उमटली नाहीत तर सोडून दे. वारा तोंडावर येईल असं चाल. रंग वाळक्या गवताचा, शेपटी आखूड, तिला काळ्या कड्या. पोट सुटलेली मादी दिसली की तिच्या वाटेवर तारेचा फास लाव. मांजर स्वतःची वार खाऊन टाकते, म्हणून व्यायच्या आधीच धरायची. मी अशा सतरा धरल्या. गुन्ह्याचं कुठे बोलू नकोस.

शेठना माझा नमस्कार सांग. आमच्या पंडितला तिथे कामाला लावता येईल का, तेही हळूच विचार. आईला जप.

तुझा मामा,
हिलाल

ता. क. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं म्हणून लिहिते. सतरा नाही, एकही नाही. लग्नाआधी हे एकदा हाकाऱ्याला डबे वाजवायला गेले होते. रानडुक्कर निघालं तर बाभळीवर चढले. काटे काढता काढता माझ्या सासूबाई दमल्या. तू आपल्या डोक्याने चाल. – उषामामी


बमरोली, सुरत
रविवार, दि. २३ फेब्रुवारी २०२५, सकाळी ९.१०

ती. हिलालमामांस नमस्कार.

मामीने लिहिलेलं मी वाचलं, पण विश्वास तुमच्यावर ठेवला. नखांच्या ठशांमागे तीन दिवस गेलो. वहीत मापं घेतली. चौथ्या दिवशी ठसे एका मिलच्या फाटकाशी संपले. तिथे वॉचमन दगाभाऊ बसले होते आणि शेजारी त्यांचं कुत्रं. दगाभाऊ हसून हसून खुर्चीवरून पडायचे बाकी राहिले. म्हणाले, अरे, मांजर चालताना नखं आत ठेवतं, कुत्र्याची उमटतात, तुला शिकवलं कोणी? लाज वाटून मी तुमचं नाव घेतलं नाही.

मग बिननखांचे ठसे धरले. शुक्रवारी सकाळी सव्वासहाला ती सापडली. पाणकणसाच्या वाळक्या पानांवर तीन पिल्लं, डोळे मिटलेली. वार तिने केव्हाच खाल्ली असणार. मी पाच हातांवर होतो. ती फिसकारली, पण पिल्लांवरून उठली नाही. फास माझ्या खिशात होता, तो मी आल्यावाटेने खाडीत टाकला.

शेठना खरं ते सांगितलं. ते म्हणाले, जागा दाखव, दोन माणसं लाठ्या घेऊन पाठवतो, पिल्लं सोडून मादी पळणार नाही, वार नाही तर कातडं तरी येईल. मी दाखवली नाही. आईने तुम्हाला फोन केला तेव्हा तुम्ही सुचवलंत म्हणे, की शेळीची वार वाळवून दे, शेठला काय कळतंय. मामा, तुमच्या एका खोट्यासाठी मी इतके दिवस चिखलात होतो, आता दुसरं मी बोलायचं? शेठ दोनदा ओरडले. तरी जागा सांगितली नाही. खोली येत्या शुक्रवारी रिकामी करायची आहे. कामही गेलं.

मी शेळीची वार दिली नाही, काम आणि खोली गेली, हे आईला माहीत नाही. भावाच्या शब्दावर मी मास्तर होणार असं ती शेजारच्या सुवर्णाकाकूंना सांगत बसली आहे, इथे ऐकू येतंय. मी सांगणार नाही. तुम्ही गुरुवारी या आणि तिच्यासमोर बसून स्वतःच्या तोंडाने खरं सांगा. पंडितला पाठवू नका, तुम्हीच या. लोभ उरला आहे म्हणूनच बोलावतो आहे.

लोखंडी कपाट जड आहे. त्याची खालची बाजू तुम्ही धरायची.

आपला भाचा,
कुंदन