फोनशेजारच्या वहीतल्या गिरगोट्या

मी, या कागदाखाली डाव्या हाताचा अंगठा उठवणारी, वय वर्षे एकाहत्तर, अविवाहित, पंपाच्या कारखान्यातील निवृत्त टेलिफोन ऑपरेटर, असे लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे, मला कोणी धाक घातलेला नाही, आणि यापूर्वी भाच्याच्या नावे केलेले मृत्युपत्र मी आज रद्द करीत आहे. उजवा हात चालत नाही, म्हणून मी सांगते आणि वकीलसाहेब उतरवून घेतात. मध्येच ते समासात चौकोन काढतात. त्यांचा स्वभाव कसा, हे मी सांगणार नाही. असले सांगणे मी सोडले आहे.

कलम १. कपाटातील चौतीस वह्या न उघडता जाळाव्यात. कारखान्यात बाहेर फोन लावायला येणारा माणूस लाइन मिळेपर्यंत माझ्या टेबलावरच्या वहीत काहीबाही गिरगटायचा. ती पाने मी जपून ठेवली. जिने काढणारा पुढे जायला धडपडणारा, जाळी काढणारा संशयी, असे मी छातीठोक सांगायचे. चार-दोनदा बरोबर निघाले आणि तेवढ्यावर माझे नाव झाले. लग्न ठरवण्याआधी लोक मुलाचे पान बघायला येत. मॅनेजरसुद्धा विचारत, "मावशी, हा माणूस कसा?" मला फार बरे वाटे.

फिटर सुऱ्या काढायचा. पानभर सुऱ्याच. माझा भाचा, बहिणीचा थोरला, तिथेच स्टोअरकीपर होता. तो वेली काढायचा, एकेका पानाच्या शिरासुद्धा. मी सगळ्यांना सांगत असे, इतका हळवा पोरगा आमच्या घरात दुसरा नाही.

एका दुपारी फोरमन स्टोअरच्या मागे मरून पडलेला सापडला. मोठ्या पान्याने कवटी फोडली होती आणि तो पडल्यावरही घाव घालत राहिले होते. जबडा जागेवर नव्हता. सकाळी फिटरचे त्याच्याशी भांडण झाले होते, पोलिसांकडे एवढेच होते. वही मी नेऊन दिली. कोणी मागितली नव्हती. "साहेब, हा माणूस आतून कसा आहे ते बघा," असे माझे शब्द होते. ठाण्यात फिटरचा उजवा हात दाराच्या फटीत धरून दार तीनदा आपटले. चौथ्यांदा दार उघडले तेव्हा त्याने खून कबूल केला. तीन बोटे गेली, आणि सहा वर्षे तुरुंगात गेली.

कलम २. भाच्यास काहीही देऊ नये. खुनानंतर सातव्या वर्षी एका रविवारी सकाळी तो या घराचे कागद घेऊन आला. "सही कर, मावशी. आत्ताच्या आत्ता." मी म्हटले, "अरे, मी गेल्यावर तुझंच आहे की!" त्याने माझे मनगट ओट्याच्या कडेवर ठेवले आणि सगळा भार टाकला. हाड मोडलेले मला आधी ऐकू आले, दुखले नंतर. खाली पडल्यावर बरगड्यांत लाथा बसल्या. "फोरमनही असाच अडून बसला होता. तांब्याची तार चोरताना पकडलं, तर म्हणे मालकांना सांगतो."

तेवढ्यात फोन वाजला. माझ्या मोडक्या हातावर बूट ठेवून त्याने तो घेतला. त्याची बायको होती. "हो गं, मावशीकडेच आहे. बरी आहे ती. येताना काय आणू?" बोलताबोलता तो फोनशेजारच्या वहीत गिरगटत होता. पान मला नंतर पोलिसांनी दाखवले. वेल होती. एकही रेघ हललेली नव्हती.

कलम ३. दोन्ही बांगड्या, कपाट व भांडी शेजारच्या शिवणवालीला. माझे ओरडणे ऐकून ती कापड बेतायची कात्री घेऊन धावत आली आणि भाच्याच्या मांडीत मुठीपर्यंत खुपसली. उपसली, पुन्हा खुपसली. तो कोसळल्यावर म्हणाली, "हललास तर पुढची मानेत." पोलीस येईपर्यंत तो हलला नाही. आता फोरमनच्या खुनाची जन्मठेप भोगतो आहे.

कलम ४. बँकेतील शिल्लक बहिणीला. "माझ्या मुलाला तू आत घातलंस," एवढे बोलून तिने माझ्याशी बोलणे टाकले. तिच्यावर माझा राग नाही. तिने मात्र खुशाल धरावा.

कलम ५. राहते घर फिटरला, त्याच्यामागे त्याच्या बायकोला.

तो निर्दोष सुटल्यावर मी त्याच्या दारी गेले. त्याने दार उघडले आणि डाव्या हाताने माझ्या थोबाडीत दिली. मी भिंतीवर आदळले. त्याच्या बायकोने मला आत घेऊन पाणी दिले. मी विचारले, "सुऱ्या का काढायचास रे?"

तो म्हणाला, "बाप सुरी घेऊन आईच्या मागे धावायचा. एकदा गळ्यापर्यंत पोचला होता. घरी फोन लावला की ती उचलेपर्यंत मला तेच दिसायचं. तिचा आवाज आला की माझा हात थांबायचा." आणि मग, "एकदा विचारायचं होतंत, मावशी."

मी घर देऊ केले. "घर नको. पहिली पाळी सुटताना फाटकावर उभ्या राहा आणि सांगा. तिथे मी अजून खुनीच आहे."

मी दोनदा गेले. ओळखीचे चेहरे दिसले आणि दोनदा परत फिरले.

येथून पुढचे आज फाटकावर लिहून घेतले आहे. वरचे सगळे मी उभी राहून मोठ्याने सांगितले. मागून कोणीतरी ओरडले, "ऐकू येत नाही, मावशी!" तेव्हा पुन्हा पहिल्यापासून सांगितले. वही मीच नेऊन दिली, हे तीनदा सांगितले. फिटर रस्त्यापलीकडे उभा होता. तो पुढे आला नाही, गेलाही नाही. घर नको म्हणतो, तरी त्यालाच द्यावे.

माझ्यासमक्ष वाचले, समजले, मान्य आहे.
डाव्या हाताचा अंगठा : निवृत्त टेलिफोन ऑपरेटर

साक्षीदार, दोघांनीही सर्व ऐकले :
१. पहिल्या पाळीचा वेल्डर (सही)
२. फाटकावरचा पहारेकरी (सही)

ठिकाण : कारखान्याचे फाटक, रस्त्याच्या बाजूने
दिनांक : १९ नोव्हेंबर, दुपारी सव्वातीन