डावीकडं वळताना

अण्णा, गाडी डावीकडं वळवली की पुढनं कट् कट् कट् वाजायचं. सरळ रस्त्यावर काही नाही, वळलं की सुरू. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज मला धड आठवत नाही, तुमच्या टॅक्सीचा मात्र आठवतो, म्हणून हे तुम्हालाच सांगते आहे. ही गाडी माझी, जुनीच घेतलेली. दर सोमवारी ती वडूजहून मिरजेला जाते, कारण आईला कॅन्सर झालाय आणि केमो तिथं देतात. असं एका वाक्यात सांगितलं म्हणून रागावू नका. मलाही डॉक्टरांनी एका वाक्यातच सांगितलं होतं. मी "बरं" म्हणाले आणि गाडी कुठं लावली होती ते आठवत जिना उतरले. तेव्हापासून सगळ्यालाच "बरं" म्हणते आहे.

आईला हा आवाज सोन्यासारखा सापडला. "गाडी वाजतीया बाई, वाटंत बंद पडली तर? ह्या सोमवारी ऱ्हाऊ दे." सुई नको म्हणून काहीही! मी गाडी मेस्त्रीकडं नेली आणि शहाण्यासारखं सांगितलं, डावीकडं वळताना वाजतंय, डावं चाक बघा. त्यांनी "एकदा फिरवून बघू" म्हटलं, मी म्हटलं वेळ नाही. त्यांनी डाव्या चाकाचा जॉइंट बदलला. परत येताना गल्लीत वळले, तर कट् कट् कट्. आई दारातच उभी होती. हसली नाही, पण पदर तोंडाला लावला.

मग तीच म्हणाली, "बाजाराच्या मैदानात घे. तुजा बा करायचा तसं करू." आणि अण्णा, मला एकदम ते सगळं दिसायला लागलं. मी टॅक्सीत मागं बसलेय, तुम्ही स्टेअरिंग पार डावीकडं वळवून मोकळ्या मैदानात गाडी गोल गोल फिरवताय, आणि आई पदर खोचून चाकाशेजारनं चालतेय. येणारेजाणारे बघतात. कुठल्या बाईला नवऱ्यानं असं गाडीबरोबर चालवलं असेल? तुम्ही म्हणता, आत बसणाऱ्याला आवाज सगळीकडनं येतो, बाहेर चालणाऱ्याला विचारावं. आता मी स्टेअरिंगवर आहे आणि आई माझ्या खिडकीशी चालते आहे. डोक्याला स्कार्फ, हात दाराच्या काचेवर, मधेच थांबून दम खाते. मी "बस आता" म्हणते तर "गप, ऐकू दे" म्हणते. एक फेरी झाल्यावर तिनं पत्र्यावर थाप मारली. "हितनं. तुज्या पायाफुडनं वाजतंय. उजवं हाय." मी म्हटलं, अगं पण वाजतंय डावीकडं वळताना. "मग? बैलगाडी डावीकडं वळली की जास्त कुणाला चालावं लागतंय? उजव्या बैलालाच की." हे तुमचंच बोलणं, मला ठाऊक आहे. तुम्ही माझ्यासमोर शंभरदा बोलला असाल, मी खिडकीतून बाहेर बघत बसलेली असायची.

मेस्त्रींनी उजवं चाक काढलं. जॉइंटवरचं रबर फाटलेलं, ग्रीस सगळं चाकाच्या आतल्या बाजूला उडालेलं. ग्रीस गेलं की आत माती शिरते, माती शिरली की लोखंड लोखंडाला खातं, मग दुरुस्ती नाही, बदलायचंच. बदललं. गाडी गप्प झाली. पुढच्या सोमवारी विटा, तासगाव, सगळी वळणं आम्ही काही न ऐकता पार केली. मिरजेला डॉक्टरांनी रिपोर्ट बघितले, आईला बाहेर बसवलं आणि मला म्हणाले, आता आणू नका, उपयोग नाही, उगीच हाल. मी "बरं" म्हणाले. अण्णा, मला रडू आलं नाही. एवढंच डोक्यात आलं की आत्ता कुठं गाडी नीट झाली.

आईला सांगितलं नाही. परवा भाकरी करता करता तिनं विचारलं, "सोमवारी कवा निघायचं?" मी म्हटलं, सातला. तिनं तव्यावरची भाकरी उलटली. "चाकाचं कळलं मला, तुजं कळंना व्हय? डाक्टर नको म्हणालाय." मग भाकरी टोपल्यात टाकून म्हणाली, "सातलाच निघू. वर जाऊ, महाबळेश्वरला. सगळ्या पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकांस्नी तिथं फिरवलं तुज्या बानं, मला न्हाई. सीझनात सवड न्हाई, आन् सीझन संपला की धुकं. एवढं काय ठेवलंय तिथं, बघू तरी."

तर उद्या आम्ही जातोय. टाकी फुल करून आणली, शाल घेतली, गोळ्या घेतल्या. आई पुढं बसणार आहे, तुमच्या टॅक्सीत पुढची सीट कायम गिऱ्हाइकाची असायची. मघाशी मी भिंतीवरचा तुमचा फोटो काढून पुसला आणि विचारलं, अण्णांना घेऊया का बरोबर? आईनं बघितलं, थोडा वेळ बघितलं. म्हणाली, "ऱ्हाऊ दे. त्यांनी लय येळा बघितलंय."

मी फोटो परत लावला. खरं सांगते, मला बरं वाटलं.