मी दिलेली साक्ष

१२ मार्च

प्रिय दादा,

आई गेल्यापासून तीन वर्षं तुला एक ओळही लिहिली नाही, माफ कर.

काल मावशीकडून ऐकून तू फोन केलास. "अगं, भर चर्चमध्ये मला माफ केलंस म्हणे! मलाही कळवायचंस की." तू हसत होतास. दारात कोणी आलंय म्हणून मी फोन ठेवला. दारात कोणी नव्हतं.

आईच्या शेवटच्या आजारात तू फिरकला नाहीस, तरी ख्रिस्ताने मला क्षमा करायला शिकवलं, अशी साक्ष मी आई गेली त्याच वर्षी चर्चमध्ये दिली. मंडळी रडली. पाळक म्हणाले, "ताई, याला म्हणतात शील." तेव्हापासून दर वर्षी तरुणांपुढे मलाच उभं करतात; या रविवारीही करणार आहेत.

आई आठ दिवस तुझं नाव घेत होती आणि मी तुला कळवलंच नाही, हे मात्र सांगत नाही. उशापायथ्याशी मी बसले होते. शेवटी तिने हात तुझा धरावा, हे मला सोसवेना. अपराध माझा आणि क्षमा वाटत फिरतेय तीही मीच! डायरीत रोज स्वतःचे दोष लिहिते, त्यात हा कधी आला नाही.

हे पत्र टाकायचं धैर्य मला नाही; ते या डायरीतच राहील.

तुझी धाकटी

उद्या: पाळकांना गाठून खरं सांगणे, म्हणजे रविवारी ते दुसऱ्या कोणाला उभं करतील.