भरेपर्यंत

अमरावती, ता. ११ ऑक्टोबर १९३७

चि. सौ. मैनाबाईस नत्थुजीचे अनेक आशीर्वाद. वि. वि. तुझी शालू अकोल्यास सुखरूप पोचली असेल. इथल्या इस्पितळात हाताचं सडकं हाड काढून तिथं तिच्याच पायाचं बारीक हाड बसवलं, म्हणून घाबरू नको. हाडावरचं साल डॉक्टरांनी पायातच ठेवलंय. त्यातून नवं हाड धरतं म्हणे. मी म्हटलं, साहेब, आमच्या मोर्शीकडे संत्र्याच्या सालीतून फोडी कधी उगवल्या नाहीत! एवढा गंभीर माणूस, पण हसला. तुझ्या शेषरावांना सांग, पोरगी बसून आहे म्हणून हार ओवायला लावू नका. मामानं लहानपणी फुलांची टोपली डोक्यावर वाहिली तेवढं पुरे. कार्ड संपत आलं. भरेपर्यंत पाय टेकवू नये. मामाची आठवण ठेवा.

अकोला, जुने शहर, ता. ९ डिसेंबर

ती. स्व. भाऊस मैनेचा शि. सा. नमस्कार. वि. वि. शालूची जखम महिन्यात छान भरली. मग कंपाउंडरानं प्लास्टर कापलं आणि ती चालू लागली. हात तर सोन्यासारखा झाला. मळ्यात फुलं तोडायला येते. पण हल्ली पाऊल बाहेर फाकतं, आतला घोटा जमिनीकडे झुकलाय. शेजारच्या बेबीताई म्हणाल्या, पोरगी बदकावानी काहून चालून राहिली? मी हसले, शालू रडली. तुमचे कान तिखट, डॉक्टरांना नीट विचारून कळवा. माया असू द्यावी.

अमरावती, ता. २२ डिसेंबर

चि. सौ. मैनाबाईस आशीर्वाद. वि. वि. शेषराव शालूला घेऊन आले. पायाचा फोटो काढला. काढलेल्या जागी नवं हाड धरलंच नाही. वर भार पडून बाहेरचा घोटा वर सरकलाय. पोर वाढेल तसं पाऊल आणखी कलेल. डॉक्टरांनी विचारलं, हिला चालवलं कुणी? मी सगळ्या वार्डासमोर शेषरावांवर तोंड सोडलं, की यांना पोर नको, मजूर पाहिजे. त्यांनी माझं कार्ड डॉक्टरांपुढं केलं. डॉक्टरांनी शेवटच्या ओळी वाचल्या आणि मला विचारलं, काय भरेपर्यंत?

हाड भरेपर्यंत, निदान चार महिने, असं त्यांनी दोनदा सांगितलं होतं. मी दोन्ही वेळा ऐकलं होतं. संत्र्याच्या थट्टेला कार्डावर जागा झाली, ‘हाड’ या दोन अक्षरांना नाही.

आता लोखंडी पट्टीचा बूट. पंधराव्या वर्षी हाड कापून सरळ करता आलं तर करू म्हणतात. तोवर शालूला माझ्याकडे पाठव. इथं शाळेत घालतो. नाही म्हणू नको.

अकोला, ता. ६ जानेवारी १९३८

ती. स्व. भाऊस नमस्कार. वि. वि. बूट पोचला. यांनी तुमचं नाव घरात काढू नये असं सांगितलंय. तरी शालूला विचारलं, मामाकडे जातेस? ती म्हणाली, मले नाही जायचं. काल विहिरीवर तिनं बऱ्या झालेल्या हातानं घागर उचलली, उभी राहिली, आणि मला म्हणाली, आई, मले उचलता येते, नेता येत नाही, तू ने.

मी नेली. कळावे. लोभ असू द्या, पण तिकडेच.