दगडावरची मोकळी जागा

ता. ४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

ही जाऊन तीन महिने झाले. काल तिच्या थडग्याचा दगड कोरून पुरा केला. पॉलिश करून दोन पावलं मागे सरलो, तेव्हा चूक लक्षात आली. तिचं नाव मी अगदी मधोमध, मोठ्या अक्षरांत कोरलंय; खाली बोटभरही जागा नाही. नवरा-बायकोच्या दगडावर खालचा अर्धा भाग मागे राहिलेल्यासाठी मोकळा सोडायचा, हे चाळीस वर्षं मीच गिऱ्हाइकांना सांगत आलो. कुणी कुरकुरलं तर म्हणायचो, पुन्हा भेटायची आशा आहे ना, मग तिला जागा नको? आणि स्वतःची वेळ आली तेव्हा विसरलो. ताई, भेटीची आशाच उरली नाही म्हणून का हात असा चालला? दगड फोडून टाकावासा वाटतो.

बाकी ठीक. भुवयांवर दगडाची भुकटी घेऊन तसाच चर्चमध्ये उपासनेला जातो. ती पुसून जा म्हणून सांगणारं आता कोणी नाही.

तुझा,
ठोक्या

ता. ११ फेब्रुवारी

चि. ठोक्यास,
अ. उ. आ.

दगडाला हात लावशील तर याद राख! लहानपणी माझी पाटी फोडलीस तेवढं पुरे.

ह्यांच्या दगडावर तू माझ्यासाठी सोडलेली जागा अकरा वर्षं बघतेय. आधी तिची भीतीच वाटायची. खोटं कशाला सांगू, घर अजून खायला उठतं. पण आता वाटतं, आपल्याला उशीर झाला तरी आपल्या माणसानं बाकावर जागा धरून ठेवावी, तशी ती कुणीतरी धरलीय. वेड्या, धरणारा येशू. तू नुसता छिन्नी चालवणारा. जो मरणाला हरला नाही, तो तुझ्या विसरभोळेपणाला हरेल होय?

गुडघे दुखतात, नाहीतर येऊन कान पिळला असता. जेवत जा. माया आहेच, पत्र तेवढं पाठव.

तुझी,
ताई

ता. २ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दगड फोडला नाही, काल बसवला. त्याचा हातभर भाग जमिनीत जातो. पुरण्याआधी त्या भागावर माझं नाव कोरलं आणि खाली लिहिलं, पुनरुत्थानाच्या आशेने. गवंडी म्हणाला, मातीत कोण वाचणार? म्हटलं, ज्याला वाचायचं तो वाचेल.

एकटेपण गेलेलं नाही. संध्याकाळी घरी पाऊल टाकवत नाही, रडू येतं. आज सकाळी उपासनेआधी तिच्याकडे गेलो. पॉलिश केलेल्या दगडात माझंच तोंड दिसलं, भुवया पांढऱ्याफटक. तिच्या नावासमोर उभं राहून त्या नीट पुसल्या आणि मग चर्चमध्ये गेलो.

अशीच रागावत राहा.

तुझा,
ठोक्या